दुष्काळातली लेकरं आणि केडगावचा आसरा

परभणी जिल्ह्यातल्या बोरीतून तुमच्याशी बोलतोय. ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

आजचा विषय आहे आसरा. घर सोडून निघालेल्या माणसाला परक्या मुलखात कोण दार उघडतं? आणि दार उघडणारा त्याच्याकडून बदल्यात काही मागतो का? अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आले असतील. नदी ओलांडून आलेले लोक, पाठीवर पोरं, आणि रात्री चर्चच्या आवारात चादर अंथरून झोपलेली कुटुंबं. ते बघताना वाटतं, हे सगळं लांबचं आहे. पण चर्चने स्थलांतरितांना आसरा देण्याची फार मोठी आणि फार वादाची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडलेली आहे. आणि ती ज्या गावात घडली, त्या गावावरून तुमच्यातले कितीतरी जण वर्षातून दोन-चार वेळा जातात.

परभणीहून रेल्वेने पुण्याला निघालात की दौंड लागतं. दौंड मागे पडलं की थोड्या वेळाने एक स्टेशन येतं, केडगाव. बऱ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. नगरजवळचं केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं. याच केडगावात सव्वाशे वर्षांपूर्वी सुमारे दोन हजार जीव एका आवारात राहत होते. त्यातले बहुतेक सगळे दुष्काळाने घराबाहेर काढलेले. त्या आवाराचं नाव मुक्ती, आणि ते उभं करणाऱ्या बाईंचं नाव पंडिता रमाबाई.

आधी रमाबाईच स्थलांतरित होत्या

शाळेच्या पुस्तकात आपण रमाबाईंबद्दल दोन-तीन ओळी वाचतो. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, स्त्रीशिक्षण. परीक्षेत एक मार्क, विषय संपला. पण मुक्तीची गोष्ट समजायची तर त्याच्या आधीची एक गोष्ट माहीत असायला हवी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं, तेवढ्यावरून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे घरची मालमत्ता गेली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचं, पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची. घर असं नाहीच.

१८७४ च्या सुमारास हे कुटुंब दक्षिणेत होतं, आणि तिकडे दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते विकलं, दानधर्मात घालवलं, संपलं. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. नंतर मोठी बहीणही गेली. उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं पायी चालत उत्तरेकडे गेली, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

आता इथे थांबा जरा. या दुष्काळाबद्दल रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात एक फार कडू गोष्ट नोंदवली आहे. त्या म्हणतात त्याचा सारांश असा: आम्ही उपाशी मरत होतो, पण जातीचा आणि विद्वत्तेचा अभिमान इतका होता की हाताने करायचं कुठलंही काम आम्ही शिकलो नाही. ते शिकलो असतो तर कदाचित आईवडील वाचले असते.

घरात चार शास्त्रं मुखोद्गत, आणि भाकरी मिळवता येईल असं एकही काम हाताला येत नाही! हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे केडगावात जे काही उभं राहिलं, त्याची मुळं या पश्चात्तापात आहेत.

मधली वीस वर्षं, पटकन

मधला काळ भराभर सांगतो. भाऊ वारला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी झाली, मनोरमा. १८८२ मध्ये नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर लेकरू. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, आणि लोकांनी विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं.

त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या बालविधवा गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झाल्या.

१८९६ साल उजाडलं तेव्हा परिस्थिती अशी: पुण्यात एक लहानसं शारदा सदन, त्यात पन्नास-साठ मुली. परदेशी मदतीची मुदत १८९८ मध्ये संपणार. पुढची तरतूद म्हणून रमाबाईंनी केडगावजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतलेली. विचार असा की फळबाग लावू, विहिरी पाडू, उत्पन्नावर शाळा चालवू. जमीन होती, झाडं लावली जात होती. घरं नव्हती.

१८९७: मध्य प्रांतातला रस्ता

१८९६ चा पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर-जबलपूरच्या पट्ट्यात, दुष्काळ पडला. आपल्या आजी-आजोबांकडून तुम्ही बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्या असतील. मिलो ज्वारी, सुकडी, उन्हात बसून खडी फोडणं. इंग्रजांच्या काळात १८७६-७८ चा महादुष्काळ झाल्यावर सरकारने दुष्काळी कामांचे नियम केले, त्यातूनच ही खडी फोडायची पद्धत आली. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने कामावर यावं, दगड फोडावे, मजुरी घ्यावी. ज्याच्या अंगात ताकद नाही त्याच्यासाठी गरीबखाना.

कागदावर व्यवस्था ठीक होती. पण एकट्या बाईसाठी, पोरक्या मुलीसाठी ती कशी होती, हे रमाबाईंनी तिकडे जाऊन बघितलं आणि लिहून ठेवलं. गरीबखान्यात गर्दी, घाण, अपुरं अन्न. कामाच्या ठिकाणी आणि छावण्यांत तरुण मुलींवर नजर ठेवून असलेले पुरुष. देखरेख करणारेच कधी कधी गैरफायदा घेणारे. आणि अशा पोरींना फसवून, विकत घेऊन नेणारे दलाल. भुकेने माणूस मरतो हे सगळ्यांना दिसत होतं. भुकेमुळे मुलगी विकली जाते, हे रमाबाईंनी मोठ्याने सांगितलं.

त्या तिकडे जायला सुरुवातीला कचरत होत्या. हातात पैसा नाही, जागा नाही. पण स्वतःचा दुष्काळ आठवला, आणि निघाल्या. मनाशी धरलेला आकडा होता ३०० मुलींचा. ज्या बाईकडे पन्नास-साठ जणींची सोय होती, तिने एकदम ३०० म्हणणं! पण काही महिन्यांत तेवढ्या मुली आणि तरुण विधवा गोळा झाल्या. नुसती हाडं उरलेल्या, अंगावर फोड, डोक्यात उवा, डोळे आलेले. काहींना खाऊ घालूनही वाचवता आलं नाही. ज्यांनी उपाशी माणूस बघितलाय त्यांना माहीत असतं, फार दिवस उपाशी राहिलेल्या पोटाला एकदम पोटभर अन्न सोसत नाही.

पुण्याची वेस बंद

आता या मुली घेऊन जायचं कुठे? पुण्याला. पण पुण्यात तोवर प्लेग शिरला होता. १८९७ चं पुणे म्हणजे रँडचं पुणे. घराघरांत शिरून तपासणी, लोकांना उचलून छावणीत, सामानाची होळी. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे तुम्हाला माहीत आहे. याच प्लेगच्या नियमांमुळे सरकारी हुकूम आला की शारदा सदनात बाहेरून नवीन माणसं आणून ठेवायची नाहीत.

२०२० चा मार्च-एप्रिल आठवा. पुण्या-मुंबईहून चालत गावाकडे निघालेले लोक, जिल्ह्याच्या सीमेवर अडवलेले, गावच्या वेशीवर बाभळीचे फास टाकून रस्ता बंद. तसंच काहीसं. मागे दुष्काळ, पुढे साथीच्या नियमांनी बंद केलेलं शहर, आणि मध्ये सांभाळायला घेतलेली लेकरं.

तेव्हा केडगावची जमीन कामाला आली. घरं नाहीत तर नाहीत. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या, शेतावरची जी काही शेड होती ती वापरली. पुण्यापासून रेल्वेने पन्नास-साठ किलोमीटर, स्टेशन जवळ, विहिरीला पाणी. फळबागेसाठी घेतलेल्या रानात माणसांची वस्ती झाली. म्हणजे बघा, मुक्तीची जागा कुणी बसून आराखडा काढून ठरवलेली नाही. शहराने आत घेतलं नाही म्हणून ती वस्ती रानात झाली.

शारदा सदनातली एक मुलगी प्लेगच्या व्यवस्थेत नेली गेली, तिच्या हालांवरून रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारवर टीका केली. ज्या सरकारच्या राज्यात राहायचं, आणि ज्या सरकारचा धर्म आणि आपला धर्म एकच, त्या सरकारवर. हे मुद्दाम सांगतोय. ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांची झाली, असं सरळ समीकरण या बाईला लागू पडत नाही.

मुक्ती चालायची कशी

२४ सप्टेंबर १८९८ ला केडगावच्या नव्या इमारतींचं उद्घाटन झालं, आणि नाव ठेवलं गेलं मुक्ती. मग १८९९-१९०० मध्ये त्याहून भयंकर दुष्काळ आला. गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनियो म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. रमाबाईंनी आपल्या कार्यकर्त्या बायका गुजरातेत पाठवल्या. या खेपेला शेकड्यांनी मुली आल्या, आणि १९०० च्या सुमारास मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! आपल्याकडच्या एखाद्या गावाची लोकसंख्या. फरक इतकाच की या गावात जवळजवळ सगळ्या बाया आणि लेकरं. कुणाची बोली हिंदी, कुणाची गुजराती, कुणाची मराठी. कुणी कुणाच्या नात्याचं नाही. आणि सगळ्यांचं रोजचं दोन वेळचं जेवण.

हे चाललं कसं? तर मदत परदेशातून यायची, वस्तू यायच्या, पैसे यायचे, हे खरं. मिनी एब्रम्स यांच्यासारख्या परदेशी बायका येऊन राबल्या. पण रोजचा गाडा ओढला तो तिथल्याच बायकांनी. आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांना सांभाळायचं. मोठीने धाकट्यांचा गट घ्यायचा, त्यांना न्हाऊमाखू घालायचं, शिकवायचं.

आणि प्रत्येकीच्या हाताला काम. विणकाम, शिवणकाम, शेती, गाईगुरं आणि दूध, तेलाची घाणी, कपडे धुणं, दळण, स्वयंपाक. पुढे स्वतःचा छापखाना आला, त्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंत सगळं बायका करायच्या. ज्या काळात घरातली बाई शाळेत गेली तरी गावभर चर्चा व्हायची, त्या काळात केडगावात बायका छापखाना चालवत होत्या.

आता मघाचं वाक्य आठवा. आम्ही हाताने करायचं काम शिकलो नाही म्हणून आईवडील गेले. मुक्तीत आलेली मुलगी पुन्हा कधी दुष्काळात सापडली, तर तिच्यावर ती वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार. नुसतं जेवण देऊन सोडलं असतं तर पुढच्या दुष्काळात तीच मुलगी पुन्हा त्याच रस्त्यावर दिसली असती.

सगळ्या जणी सारख्या नव्हत्या, म्हणून घरंही वेगवेगळी होती. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. म्हाताऱ्या आणि थकलेल्यांसाठी प्रीति सदन. अंध मुलींसाठी वेगळी सोय. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली होती, तिने या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. हीच मनोरमा पुढे १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्याला गेली आणि तिथे शाळा काढली. गुलबर्गा म्हणजे तेव्हा निजामाचं राज्य. आपण ज्या राज्यात होतो, तेच.

आपल्याकडे काय होतं?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. १८९९-१९०० च्या दुष्काळाने मराठवाड्यालाही झोडपलं. इतकं की १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणतींच्या मध्ये परभणी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. काही माणसं मेली, काही निघून गेली. हैदराबाद ते मनमाड रेल्वे त्याच सुमारास, १९०० च्या आसपास, आपल्या भागातून सुरू झाली. तोवर जाणारा माणूस बैलगाडीने नाहीतर पायीच जायचा.

चर्चच्या आसऱ्याचं एक उदाहरण मात्र आपल्या शेजारीच होतं, जालन्याला. नारायण शेषाद्री हे मुंबईत शिकलेले ब्राह्मण, १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून तेव्हा मुंबईत कोर्टापर्यंत गेलेला मोठा वाद झाला होता. हे नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनचे पाद्री म्हणून जालन्याला आले. निजाम सरकारकडून त्यांना जमीन मिळाली, आणि तिच्यावर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. विहिरी, घरं, शाळा, चर्च. तिथे राहायला आले ते मुख्यतः मांग-महार समाजातून ख्रिस्ती झालेले लोक. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचं गाव मिळणं, ही त्या काळात केवढी गोष्ट असेल!

आता अवघड प्रश्न

इतका वेळ गोष्ट ऐकताना काहींच्या मनात एक प्रश्न टोचत असेल. हे सगळं ठीक आहे, पण धर्मांतराचं काय?

प्रश्न बरोबर आहे, आणि तो तेव्हाही विचारला गेला होता. शारदा सदन सुरू झालं तेव्हा धर्माच्या बाबतीत कुणावर काही लादायचं नाही असं ठरलं होतं. ज्यांना सोवळं-ओवळं पाळायचं त्यांना मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसं सल्लागार मंडळात होती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं, आणि काही मुली येऊन बसायला लागल्या. टिळकांच्या 'केसरी'ने यावर कडाडून हल्ला चढवला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी सदनाशी संबंध तोडला आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या.

मुक्तीत तर झाकपाक काहीच नव्हती. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. मोठं चर्च होतं, रोजची प्रार्थना होती, बायबलचं शिक्षण होतं. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची अशी लाट आली की जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात तिची नोंद आहे. दुष्काळात आलेल्या कितीतरी मुली तिथेच ख्रिस्ती झाल्या.

मग ही सेवा म्हणायची की सौदा?

माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं. सात-आठ वर्षांची मुलगी, आईबाप मेलेले, पोटात चार दिवस अन्न नाही. तिला जो उचलून नेईल, त्याचा देव तिचा देव होणार. तिथे तिची निवड कुठली? हे मान्य करायलाच हवं. आसरा देणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता असते, मग तो कितीही भला असो. धर्म कुठलाही असो, हे बदलत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गरीबखान्यातून आणि दलालाच्या हातातून त्या मुलीला सोडवायला त्या दिवशी तिथे आणखी कोण उभं होतं? वर्तमानपत्रात लेख लिहिणं वेगळं, आणि उवा झालेलं डोकं मांडीवर घेऊन धुणं वेगळं.

आणि इतिहासात याचं उत्तर काही माणसांनी फार चांगलं दिलं. नुसती टीका करत बसण्यापेक्षा त्यांनी स्वतः दार उघडलं. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी छावणी चालवली होती, ती रमाबाईंच्याही आधी. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला नेला. त्यांच्या घरात होत्या शारदा सदनातूनच आलेल्या बाया कर्वे. पंजाबात लाला लजपतराय आणि आर्य समाजाने १८९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरक्या मुलांना सांभाळायची मोहीम काढली. मिशनऱ्यांच्या हाती मुलं जाऊ नयेत, हा त्यांचा उघड हेतू होता. असो! त्या चढाओढीत लेकरांना मात्र एकाऐवजी दोन दारं मिळाली.

एकच दार उघडं असलं की आत जाणाऱ्याला घरमालकाच्या अटी मुकाट मान्य कराव्या लागतात. दोन-चार दारं उघडी असली की त्याला थोडंफार निवडता येतं. माझ्या मते या सगळ्या वादातून घ्यायचं असेल तर एवढंच घ्यावं.

शेवटची वर्षं

रमाबाई शेवटपर्यंत केडगावातच राहिल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी एका कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं असं मराठी. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीच्याच बायका. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन मात्र आजही केडगावात चालू आहे.

सीमेवर, हायवेवर आणि आपल्या गावात

परत सुरुवातीच्या व्हिडिओंकडे येऊ. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या अगदी सीमेवर, एल पासो नावाचं शहर आहे. तिथे १९७८ मध्ये काही तरुण कॅथलिक लोकांनी अनन्सिएशन हाऊस नावाचं घर सुरू केलं. सीमा ओलांडून आलेल्याला जेवण, अंथरूण, आंघोळ, आणि नातेवाइकांपर्यंत पोचायला मदत. कागद आहेत का, हे आधी विचारायचं नाही. २०२४ मध्ये टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलने हे घर बंद पाडायला कोर्टाची वाट धरली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा नियम आडवा आला, इथे सीमेचा कायदा. सरकार माणसाला सीमेवर अडवतं तेव्हा आसरा देणाऱ्या घरालाही त्याची झळ बसते.

आणि हे काम फक्त चर्चच करतं असंही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेवर, गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये चालत जाणाऱ्या हजारो मजुरांना रोज जेवू घातलं गेलं. दहा आठवड्यांत सुमारे २० लाख लोक तिथे जेवले, असा आकडा तेव्हाच्या बातम्यांत आला होता. पत्र्याच्या शेडमधला तो लंगर एक्याऐंशी वर्षांचे एक बाबाजी चालवत होते.

आता आपल्या गावाकडे या. दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या गावागावांतून ट्रक भरून लोक ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता बांधलेला, मागे म्हातारी माणसं, आणि लेकरं कधी बरोबर तर कधी मागे. बरोबर नेलं तर शाळा बुडते, मागे ठेवलं तर बघणार कोण? यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, साखरशाळा निघाल्या, २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजना आली. योजनांची नावं पाठ करण्यापेक्षा एक काम करा. आपल्या गावात या हंगामात किती लेकरं मागे राहिली, ती कुठे झोपतात, कुठे जेवतात, एवढं विचारून बघा. शाळेतल्या सरांना विचारा, ग्रामपंचायतीत विचारा. वसतिगृह मंजूर असेल तर चालू आहे का बघा. नसेल तर अर्ज कुणी करायचा, हे समजून घ्या.

रमाबाईंकडे १८९७ मध्ये पैसा नव्हता, इमारत नव्हती, शहरात शिरायची परवानगी नव्हती. होतं ते फळबागेचं रान आणि स्वतःच्या उपासमारीची आठवण. आपल्याकडे निदान गावात एक रिकामी खोली तर असेल.

हा भाग कसा वाटला ते कळवा. तुमच्या आजीने किंवा आजोबांनी बाहत्तरच्या दुष्काळात घर सोडलं असेल, तर त्यांना कुणी आसरा दिला ते विचारा, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आहेत तोवरच हे ऐकायला मिळणार आहे. भेटू पुढच्या भागात. राम राम.